प्रीप्रिंटची पीयूसी

पुरस्कर्ती: एका पेपरात असं लिहिलंय समजा: वीस विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला, प्रत्येकाने एक ते पाच यांतला एक पूर्ण आकडा निवडला आणि सरासरी आली ३.४७. सर, कागद-पेन घ्या. वीस पूर्ण आकड्यांची बेरीज पूर्णच येणार. ती ६९ आली तर सरासरी ३.४५, ७० आली तर ३.५०. मधलं ३.४७ वीस जणांकडून निघूच शकत नाही. हे कळायला मूळ डेटा लागत नाही, लेखकाच्या मागे लागावं लागत नाही, मानसशास्त्र तर अजिबात यावं लागत नाही. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ मध्ये ही एवढीशी युक्ती ‘ग्रिम’ या नावाने मांडली, आणि तीसुद्धा आधी प्रीप्रिंट म्हणूनच. त्यांनी मानसशास्त्रातले २६० छापील पेपर चाळले. त्यांतल्या ७१ पेपरांना ही चाचणी लावता येत होती, आणि त्या ७१ पैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये एक तरी अशक्य सरासरी निघाली. हे सगळे पिअर रिव्ह्यूतून पास झालेले पेपर होते बरं का. प्रीप्रिंट तर त्या वाटेला गेलेलेच नसतात. जे काम भागाकार येणाऱ्या कुणालाही जमतं आणि तरी कुणी करत नाही, ते यंत्राकडे द्यायला हरकत काय?

शंकेखोर: घेतलं कागद-पेन. वीसपैकी एकाने उत्तरच दिलं नाही असं धरा. उरले एकोणीस. त्यांची बेरीज ६६. आता भागा. ३.४७ येतं की नाही? म्हणजे सरासरी बरोबर, हिशोब बरोबर, एक जण गळाला हे लिहायचं तेवढं राहिलं. यंत्र मात्र ‘अशक्य’ असा शेरा मारून मोकळं. खोटा डेटा, टायपिंगची चूक आणि गैरहजर विद्यार्थी, या तिन्हींवर त्याचा शेरा एकच. मला भीती या शेऱ्याची वाटते. लेखकाला समजायच्या आधी तो जगाला दिसतो, आणि जग खुलासा वाचायला थांबत नाही. २०१६ मध्ये काय झालं आठवा. ‘स्टॅटचेक’ नावाच्या प्रोग्रॅमने मानसशास्त्राचे सुमारे पन्नास हजार पेपर एका दमात वाचले आणि प्रत्येकाचा अहवाल पबपीअर या जाहीर चर्चेच्या ठिकाणी चिकटवला. ज्यांच्यात काहीच सापडलं नाही त्यांचासुद्धा! पबपीअरवर आपल्या पेपरखाली काही आलंय एवढं कळलं तरी संशोधकाच्या पोटात गोळा येतो, कारण तिथे लोक एरवी भानगडी उघड करायला जातात. जर्मनीच्या मानसशास्त्र संघटनेने जाहीर आक्षेप घेतला तो उगाच नाही.

पुरस्कर्ती: आक्षेप घेतला, मान्य. पण त्या प्रोग्रॅमने दाखवलं काय तेही सांगा ना! ‘टी’चं मूल्य १.९०, स्वातंत्र्यमात्रा २८, आणि पुढे लिहिलेलं असतं की पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आहे. तुम्ही, मी, रिव्ह्यूअर, सगळे ते वाक्य वाचून पुढे जातो. स्टॅटचेक ते गणित पुन्हा करतो आणि सांगतो की पी इथे ०.०७ च्या आसपास येतो. म्हणजे ज्या निष्कर्षासाठी पेपर लिहिला तो रेषेच्या पलीकडे गेला. मिशेल नाउटेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ जर्नल्समधले १९८५ ते २०१३ या काळातले अडीच लाखांहून अधिक पी-व्हॅल्यू असे तपासले. निम्म्या पेपरांत एक तरी विसंगती, आणि दर आठांपैकी एका पेपरात विसंगती एवढी मोठी की निष्कर्षच बदलावा. पुढे दोन जर्नल्सनी हाच प्रोग्रॅम रिव्ह्यूच्या वेळी वापरायला घेतला. तिथल्या विसंगती त्यांच्या जोडीच्या जर्नल्सपेक्षा झपाट्याने खाली आल्या. म्हणजे तेच हत्यार चव्हाट्यावर नेलं तेव्हा भांडण झालं, छापायच्या आधी लेखकाच्या हातात दिलं तेव्हा चुका कमी झाल्या.

शंकेखोर: एकतर्फी चाचणी केली असेल तर तुमचा ०.०७ निम्मा होतो आणि लेखक बरोबर ठरतो. ‘एकतर्फी’ हा शब्द पेपरात असेल तर यंत्र सावध होतं, नसेल तर नाही. पण हा मुद्दा मी ताणणार नाही, कारण तसं असेल तर ते लिहिणं हे लेखकाचंच काम होतं.

(इथे वादाची जमीन नीट दिसावी म्हणून थोडा खुलासा. प्रीप्रिंट म्हणजे जर्नलच्या समीक्षणाआधी लेखकाने स्वतः जगासमोर ठेवलेला पेपर. भौतिकशास्त्रज्ञांचे आर्काइव्ह १९९१ पासून आहे. जीवशास्त्रासाठी बायोआर्काइव्ह २०१३ मध्ये आणि वैद्यकासाठी मेडआर्काइव्ह २०१९ मध्ये सुरू झाले. तिथे दारावर माणसे असतात, पण मजकूर उचललेला आहे का, तो विज्ञानाचा आहे का, त्यातून लोकांना अपाय होईल का, एवढेच ती पाहतात. पेपर बरोबर की चूक हे ठरवणे त्यांच्या कामात बसत नाही. मग कोविड आला. पहिल्या दहा महिन्यांत त्या आजारावरचे ३० हजारांहून अधिक प्रीप्रिंट निघाले, आणि एरवी चारशे तज्ज्ञांनी वाचले असते ते वृत्तवाहिन्यांच्या पट्टीवर आले. या दोघांचे बोलणेही तिकडेच वळले.)

शंकेखोर: ३१ जानेवारी २०२०. दिल्लीतल्या, त्यात आयआयटीतल्याही, संशोधकांचा एक प्रीप्रिंट बायोआर्काइव्हवर आला. नव्या करोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनात चार छोटे जास्तीचे तुकडे आहेत, ते एचआयव्हीच्या प्रथिनांशी जुळतात, आणि हे साम्य योगायोगाने आलेलं वाटत नाही, असं त्यात म्हटलं होतं. पुढचं सांगायला नको. विषाणू प्रयोगशाळेत घडवला या अफवेला पंखच फुटले. आता मला सांगा, तुमच्या यंत्रांच्या सगळ्या फौजेपुढे तो पेपर ठेवला असता तर? सरासरी नव्हती, म्हणजे ग्रिम गप्प. पी-व्हॅल्यूचा ठरलेला साचा नव्हता, म्हणजे स्टॅटचेक गप्प. मजकूर चोरलेला नव्हता. क्रम खरे होते, जुळणीही खरी होती. चूक होती ती अर्थ लावण्यात. इतके आखूड तुकडे शोधले तर ते कितीतरी जीवांत सापडतात, एचआयव्हीचं त्यात विशेष काही नाही. हे ओळखायला ज्याने शंभर वेळा अशा जुळण्या पाहिल्यात असा माणूस लागतो. अशी माणसं धावून आली, पेपरखालीच त्यांनी धडाधड लिहिलं, आणि २ फेब्रुवारीला लेखकांनी पेपर मागे घेतला. दोन दिवसांत! यंत्राकडून त्याच पेपरला ‘सर्व चाचण्यांत उत्तीर्ण’ असा शिक्का मिळाला असता. गाडीची पीयूसी काढतात ना, तसं. धूर ठीक आहे एवढंच त्या कागदाचं म्हणणं असतं, ब्रेक लागतात की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण चौकात अडवल्यावर आपण तो कागद असा फडकवतो की जणू गाडी नवीकोरी आहे.

पुरस्कर्ती: तुम्ही तुमच्या सोयीचं उदाहरण काढलंत, आता माझ्या सोयीचं ऐका. नोव्हेंबर २०२०. इजिप्तमधला एक प्रीप्रिंट रिसर्च स्क्वेअरवर आला. आयव्हरमेक्टिनने कोविडचे मृत्यू जवळपास नव्वद टक्क्यांनी कमी होतात असा दावा. या औषधाचे अभ्यास एकत्र करून जी गोळाबेरीज मांडली जात होती तिच्यात या एका पेपराचं वजन भलतंच होतं. मे २०२१ मध्ये तर गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना पाच दिवस १२ मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन देणार, लागण असो वा नसो. त्यांनी हा पेपर वाचून निर्णय घेतला असं मी म्हणत नाही. पण त्या वेळी औषधाच्या बाजूने जी हवा होती तिच्यात हा पेपर होताच. डब्ल्यूएचओच्या सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच सांगितलं की चाचण्यांबाहेर हे औषध वापरू नका. आणि पेपर? तो जुलै २०२१ पर्यंत तिथेच होता. आठ महिने. त्याच्या प्रस्तावनेत इतरांची वाक्यं शब्द फिरवून घातलेली होती. फिरवाफिरवीत श्वसनविकाराच्या एका सर्वपरिचित इंग्रजी नावातला ‘सिव्हिअर अक्यूट’ हा जोडशब्द बदलून ‘एक्स्ट्रीम इन्टेन्स’ झाला होता! श्वसनविकारावर काम करणारा कुणीही असं लिहिणार नाही. डेटाच्या फाइलमध्ये किमान ७९ रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या नोंदींच्या नकला वाटाव्यात अशा होत्या. काही मृत्यूंच्या तारखा तर अभ्यास सुरू होण्याआधीच्या. यातलं काय यंत्राला जमलं नसतं? सारख्या ओळी शोधणं, तारखांची तुलना, विचित्र शब्दजोड्या. एका दुपारचं काम.

शंकेखोर: आणि ते केलं कुणी? लंडनमधल्या जॅक लॉरेन्स या विद्यार्थ्याने. त्याला प्रस्तावनेतली वाक्यं ओळखीची वाटली म्हणून तो खोलात गेला. डेटाची फाइल पासवर्डने बंद होती. त्याने ‘१२३४’ टाकून पाहिलं आणि ती उघडली. हे करणारं यंत्र तुमच्याकडे आहे? माझा मुद्दा थट्टेचा नाही. यंत्र तपासतं ते त्याच्यापुढे ठेवलेलं. तुमच्याच बाजूच्या लोकांनी, ट्रेसी वाइसगर्बर आणि त्यांच्या ‘स्क्रीनआयटी’ गटाने, कोविडचे हजारो प्रीप्रिंट आपोआप तपासले. त्यांचा निष्कर्ष २०२१ च्या सुरुवातीला ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. डेटा खुला ठेवणारे दर सातांत साधारण एक. आपल्या अभ्यासाची एखादी तरी मर्यादा सांगणारे तिसरा हिस्सा. बाकीच्यांचे ७९ नकली रुग्ण तुमच्या यंत्राला दिसणार कुठून?

पुरस्कर्ती: ‘डेटा दिलेला नाही’ एवढं तरी दिसेल ना? तेच त्यांनी केलं. पेपर चांगला की वाईट हे त्यांनी ठरवलंच नाही. डेटा खुला आहे का, मर्यादांचा परिच्छेद आहे का, स्तंभालेखाने खरे विखुरलेले बिंदू झाकलेत का, रंगांधळ्यांची फसगत करणारी इंद्रधनुषी रंगपट्टी वापरली आहे का, असं एकेक नोंदवलं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता की यातून लेखकांना पेपर सुधारायला मदत होईल का.

शंकेखोर: हेतू चांगलाच असतो, मॅडम. आपल्या यूजीसीचाही चांगलाच होता. २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम आठवा. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या. सॉफ्टवेअरचा आकडा हा नियम झाला. परिणाम काय? पीएचडीचा विद्यार्थी गाइडला विचारतो, “सर, माझे किती टक्के आले?” आपण चोरी केली का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. टक्के कमी करून देतो अशा जाहिराती निघाल्या. समानार्थी शब्द कोंबून वाक्य फिरवणारी सॉफ्टवेअर तर आहेतच. २०२१ मध्ये गिओम काबानाक आणि त्यांच्या जोडीदारांनी असे पिळवटलेले शब्दप्रयोग छापील पेपरांतून गोळा केले. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ झालेलं होतं. तुम्ही आत्ता ज्या विचित्र शब्दांमुळे तो इजिप्तचा पेपर यंत्राला सापडला असता म्हणालात, ते शब्द तिथे आले कसे? साम्य मोजणाऱ्या यंत्राला चुकवण्यासाठीच असली फिरवाफिरव करतात. एक यंत्र रोग लावतं, दुसरं यंत्र निदान करतं, आणि दोघांची वर्गणी विद्यापीठ भरतं.

(हा टोला बसला. पुरस्कर्तीने यापुढे टक्केवारीचा उल्लेख केला नाही आणि एकूण गुण देणाऱ्या साधनांची बाजूही घेतली नाही. ते शहाणपणाचेच होते. दहा निरनिराळ्या तपासण्यांची बेरीज करून पेपराला शंभरपैकी ७२ देणे याला काही अर्थ नसतो, पण त्या ७२ ला बढती, अनुदान आणि जाहिरात अशा तीन ठिकाणी लगेच मागणी येते.)

पुरस्कर्ती: गुण देऊ नका, ठीक. पण आता भाषिक मॉडेल आली आहेत, ती नुसती साचे जुळवत नाहीत. २०२४ मध्ये ‘केमोस्फिअर’ या जर्नलमध्ये काळ्या प्लॅस्टिकच्या वस्तूंतल्या ज्वालारोधक रसायनांवर पेपर आला. बातम्या झाल्या, लोकांनी घरातली काळी उलथणी फेकून दिली. पेपरात ६० किलोच्या माणसासाठी सुरक्षित मर्यादा काढताना ६० गुणिले ७,००० यांचा गुणाकार ४२,००० लिहिला होता. येतो ४,२०,०००. एक शून्य! अंदाजे सेवन ३४,७०० नॅनोग्रॅम होतं. चुकीच्या मर्यादेशेजारी ते भयंकर वाटत होतं, खऱ्या मर्यादेच्या ते दहाव्या भागाहूनही कमी. हीच चूक मॉडेलपुढे ठेवली तर ते पकडतं, हे पाहून लोकांनी ‘ब्लॅक स्पॅट्युला’ नावाचा प्रकल्पच उभा केला.

शंकेखोर: आणि त्याच सुमारास ‘येसनोएरर’ नावाचं तसंच यंत्र उभं राहिलं. दोन महिन्यांत ३७ हजारांवर पेपर तपासले म्हणे. त्यांची स्वतःची क्रिप्टोकरन्सी, आणि कोणते पेपर आधी तपासायचे ते ती बाळगणाऱ्यांनी सांगायचं अशी योजना! तुमचे ग्रिमवाले निक ब्राउन यांनीच या यंत्राने ठपका ठेवलेले ४० पेपर पाहिले, तर १४ ठिकाणी ठपका खोटा. पेपरात आकृती असताना यंत्र म्हणत होतं आकृती नाही. शिवाय वाचणारं यंत्र आहे हे कळल्यावर लिहिणारा यंत्रासाठी लिहितो. जुलै २०२५ मध्ये ‘निक्केई’ने आर्काइव्हवरचे १७ प्रीप्रिंट दाखवले, आठ देशांतल्या १४ संस्थांमधले. त्यांत पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत यंत्राला सूचना होती: फक्त चांगलं लिही. माणसाच्या डोळ्यांना कोरी जागा, यंत्राला आज्ञा. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता. यंत्राला काय, ते ‘बरं’ म्हणून कामाला लागतं.

पुरस्कर्ती: सर, आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतोय, आणि चूक त्यातच आहे. ग्रिमने ‘अशक्य’ म्हटलं की तुम्ही कागदावर भागाकार करून गळालेला विसावा विद्यार्थी शोधून काढलात. यंत्राशी तुम्ही भांडू शकलात, कारण त्याने काय केलं ते तुम्हाला पुन्हा करता येत होतं. जनुकांच्या नावांचं बघा. ‘सेप्ट-२’ हे एका जनुकाचं चिन्ह. एक्सेलमध्ये टाइप केलं की ते २ सप्टेंबर होऊन बसतं. २०१६ मध्ये मार्क झीमन आणि सहकाऱ्यांनी पेपरांसोबतच्या एक्सेल याद्या स्क्रिप्टने चाळल्या, तर सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा तारखा होऊन बसलेल्या. तो कॉलम उघडला की शाळकरी मुलालाही तारीख दिसते, वाद घालायला जागा नाही. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांची नावंच बदलली, सेप्टचं सेप्टिन केलं. असली तपासणी वेगळी आणि ‘या पेपराचा युक्तिवाद कमकुवत वाटतो’ असं मॉडेलने म्हणणं वेगळं. पांढऱ्या अक्षरांनी भागाकार फितवता येत नाही, मत फितवता येतं. तेव्हा माझं म्हणणं मी आवरतं घेते: वाचकाला स्वतःच्या हाताने पडताळता येईल तेवढंच प्रीप्रिंटच्या पानावर दाखवा. मॉडेलचं मत लेखकाला खासगीत द्या. त्याला पटलं तर सुधारेल.

शंकेखोर: ही विभागणी मला पटते. पटते म्हणूनच पुढची अडचण जास्त टोचते. हाताने पडताळता येणाऱ्या सगळ्या तपासण्यांत आयआयटीचा पेपर स्वच्छ सुटला असता. ‘काहीही आढळले नाही’ हे वाक्य तुम्ही कुठे आणि कसं छापणार? पबपीअरवर याच वाक्याने निर्दोष लोकांना डाग लागला, कारण ती जागा डाग दाखवण्याची होती. प्रीप्रिंटच्या पानावर हेच वाक्य प्रमाणपत्र होईल. टीव्हीवरचा निवेदक म्हणेल, तपासणी झालेला अभ्यास.

पुरस्कर्ती: मग ते छापूच नका. काही सापडलं तरच दाखवा.

शंकेखोर: म्हणजे ज्याच्या पेपरात आकडे आहेत, ज्याने डेटा खुला ठेवला, त्याच्यावर शेरे. ज्याने काहीच दिलं नाही त्याचं पान कोरं. प्रामाणिकपणावर दंड बसवताय.

पुरस्कर्ती: नाही. ‘डेटा दिलेला नाही’ हासुद्धा शेराच धरते मी, आणि तोही कुणालाही पडताळता येतो. कोऱ्या पानाचा फायदा त्याला मिळणार नाही. हां, रुग्णांची गोपनीयता म्हणून ज्यांना खरंच डेटा देता येत नाही त्यांचं काय, ते मला आत्ता सांगता येत नाही. त्यांच्यावरही तोच शेरा बसेल आणि ते रागावतील.

शंकेखोर: रागावू देत, लिहून ठेवा म्हणावं कारण. मला दुसरं विचारायचंय. शेरा लागण्याआधी लेखकाला बोलायची संधी द्याल की नाही? माझ्या एकोणीस विद्यार्थ्यांबद्दल मला एक ओळ लिहू द्याल की नाही?

पुरस्कर्ती: द्यायलाच हवी. अहवाल आधी लेखकाला पाठवायचा, समजा आठ दिवस. तेवढ्यात त्याने दुरुस्त प्रत चढवली किंवा खुलासा जोडला, तर त्याच्यासकट दाखवायचा. प्रीप्रिंटच्या नव्या प्रती चढवता येतात, छापील जर्नलला हे जमत नाही.

शंकेखोर: आठ दिवस. जानेवारी २०२० मध्ये दोन दिवसांत जगभर बोभाटा झाला होता.

पुरस्कर्ती: तो पेपर यंत्राला सापडलाच नसता असं तुम्हीच म्हणालात.

शंकेखोर: तो नाही. पण इजिप्तचा सापडला असता, आणि साथीच्या ऐन भरात औषधाच्या पेपरावर आठ दिवस गप्प बसायचं? माझ्या सरासरीला आठ दिवस द्या, मी आभार मानेन. त्या ७९ नोंदींना मी आठ तासही दिले नसते. आता दोन्ही अहवाल एकाच यंत्रातून एकाच सकाळी बाहेर पडले, तर कोणता थांबवायचा आणि कोणता लगेच लावायचा हे कोण ठरवणार?

पुरस्कर्ती: दारावर बसलेली माणसं.

शंकेखोर: किती जण आहेत ती?